घोळत राहणाऱ्या गोष्टींचं काय करायचं?

'मनावरचं ओझं' या विषयावर मागवलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार होती: सगळे 'सोडून दे' म्हणतात, पण सोडायचं कसं ते कुणीच सांगत नाही. म्हणून आमच्या समुपदेशकांनी या उत्तरांमध्ये सगळा भर 'कसं'वर ठेवला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: दिवसभर मी ठीक असते. रात्री पाठ टेकली की राहिलेले फोन, मुलाचा फॉर्म, उद्याची बैठक असं सगळं एकदम डोक्यात सुरू होतं. तास-दीड तास डोळा लागत नाही.

ही अर्धवट कामांची उजळणी आहे. बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ साली दाखवलं होतं की मधेच तोडलेली कामं माणसांना पूर्ण केलेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. तिचा निष्कर्ष पुढच्या सगळ्या प्रयोगांत तसाच निघाला नाही, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. तुमच्या उपयोगाची गोष्ट मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ साली दाखवली. अर्धवट राहिलेलं उद्दिष्ट दुसऱ्या कामात लुडबुड करतं. पण ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, की काम झालेलं नसतानाही लुडबुड थांबते.

झोपेच्या बाबतीत याच्या जवळचा एक प्रयोग मायकल स्कलिन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. ५७ तरुणांना झोपण्याआधी ५ मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. ९ मिनिटं म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण ५ मिनिटांच्या कामाला एवढा मोबदला पुष्कळ झाला.

करायचं असं. कागद आणि पेन घ्या, फोन नको. फोन हातात आला की यादी बाजूला राहते आणि निरोप वाचले जातात. टेबलापाशी बसा, अंथरुणात नाही. डोक्यात येईल ते ५ मिनिटं लिहा. मग प्रत्येक ओळीला वेळ आणि पहिली कृती जोडा. 'मुलाचा फॉर्म' एवढंच लिहिलं तर मन ते सोडत नाही, कारण अजून काहीच ठरलेलं नाही. 'मंगळवारी सकाळी ९ वाजता, जन्मदाखल्याची प्रत कपाटातून काढायची, मग फॉर्मचं पहिलं पान भरायचं' असं लिहिलं की ठरलं. ज्याचं उद्या काहीच करता येणार नाही त्याच्यापुढे 'गुरुवारी बघायचं' असं लिहा. तोही निर्णयच आहे.

बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा सकाळी. रात्री लिहिलेला कागद सकाळी कुणी उघडतच नाही. असं तीन-चार वेळा झालं की मनाचा कागदावर भरवसा राहत नाही आणि पाठांतर पुन्हा सुरू होतं. चहा घेताना तो कागद समोर हवाच. दुसरी चूक म्हणजे यादीत इच्छा लिहिणं: 'तब्येतीकडे लक्ष द्यायचं', 'शांत राहायचं'. ही कामं नव्हेत, यांना वेळ लावता येत नाही.

तरीही साधारण २० मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, मंद प्रकाशात काहीतरी नीरस वाचा आणि डोळे जड झाले की परत या. २० मिनिटं अंदाजानेच धरायची. घड्याळ पाहायची सवय असेल तर ते भिंतीकडे तोंड करून ठेवा.

प्रश्न: एखादा विचार करायचाच नाही असं ठरवलं की नेमका तोच येतो. माझी इच्छाशक्ती कमी पडते का?

नाही. इच्छाशक्ती भक्कम असलेल्या माणसाचंही हेच होतं. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना सांगितलं की पुढची ५ मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. नंतर 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर, आधी दाबायला सांगितलेल्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. याचं कारण वेग्नर यांनी असं सांगितलं: विचार आला नाही ना, हे तपासत राहण्यासाठी मनाला तो विचार जवळच बाळगावा लागतो.

दाबण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं जातं. टॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेली ही पद्धत समुपदेशनात आजही वापरली जाते. चिंतेला रोज एकच वेळ (समजा, संध्याकाळी साडेसहा) आणि एकच जागा द्यायची, अर्धा तास. सुरुवातीला १५ मिनिटंही चालतील. दिवसात चिंता उठली की दोन शब्दांत टिपून ठेवायची, 'साडेसहाला' असं स्वतःला सांगायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. पहिल्या आठवड्यात हे दिवसातून तीस-चाळीस वेळाही करावं लागेल. म्हणजे पद्धत फसली असं नव्हे.

साडेसहाला ते चिठोरं घेऊन बसा. निम्म्या चिंता तोवर शिळ्या झालेल्या असतात, त्या खोडा. उरलेल्या नेमक्या शब्दांत लिहा. 'नोकरीचं काय होणार' ही चिंता तशीच ठेवली तर रात्रभर पुरते. 'मार्चमध्ये करार संपतो, नवा झाला नाही तर तीन महिन्यांचा खर्च कुठून भागवायचा' असं लिहिलं की बेरीज-वजाबाकी करता येते. ज्यावर काहीच करता येत नाही, उदाहरणार्थ तपासणीचा अहवाल यायचा आहे, तिथे 'अहवाल शुक्रवारी, तोवर माझ्या हातात काही नाही' एवढंच लिहा.

ही वेळ झोपेच्या तोंडावर ठेवू नका, किमान दोन तास अंतर हवं. आणि ती अंथरुणावर किंवा आवडत्या खुर्चीत बसून नको. थोडी गैरसोयीची खुर्ची उत्तम. बरं वाटतंय म्हणून ती वेळ चुकवूही नका. चुकवली की पुढच्या वेळी 'साडेसहाला' हे शब्द पोकळ वाटतात.

प्रश्न: 'मनातलं लिहून काढा' असं वाचून महिनाभर रोज रात्री वही लिहिली. विषय एकच, माझा घटस्फोट. हलकं वाटायचं सोडून जास्तच खचलो. चुकलं कुठे?

दोन ठिकाणी. लिहिण्याला मुदत नव्हती, आणि बहुधा रोज तीच वाक्यं लिहिली जात होती. वहीतलं रवंथ हेही रवंथच.

लेखनाचा हा उपाय जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ सालच्या प्रयोगातून पुढे आला. त्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं. काहींनी वरवरच्या विषयांवर लिहिलं, तर काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल, घडलं काय आणि वाटलं काय हे दोन्ही. या दुसऱ्या गटाला लिहून झाल्यावर लगेच जास्त वाईट वाटलं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या तेव्हा. अशा १४६ प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ साली निघाला. त्यात परिणाम खरा, पण सरासरीने लहान असं दिसलं. म्हणजे हा रामबाण नाही. काहींना खूप उपयोग होतो, काहींना अजिबात नाही.

उपयोग कुणाला होतो हे मात्र थोडंफार कळलेलं आहे. ज्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'कारण', 'त्यामुळे', 'आता लक्षात येतं' असे शब्द वाढत जातात, त्यांना. चारही दिवस एकाच सुरात लिहिणाऱ्यांना तेवढा होत नाही, मग तो सूर रागाचा असो की समजूतदारपणाचा.

पुन्हा करून पाहायचं असेल तर चारच दिवस, सलग, रोज १५ ते २० मिनिटं, गजर लावून. रात्री उशिरा नको, आणि नंतरचा अर्धा तास मोकळा ठेवा, कारण लगेच उठून कुणाशी धड बोलवत नाही. शुद्धलेखन, अक्षर, खाडाखोड यांकडे बघू नका. पहिल्या दिवशी काय घडलं ते. दुसऱ्या दिवशी तेव्हा आणि आता काय वाटतं ते, कुणाला सांगितलं नसेल तेही. तिसऱ्या दिवशी 'मी' हा शब्द सोडा आणि स्वतःचं नाव वापरून, एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल लिहावं तसं लिहा; ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत अशा अंतराने भावनेची धग कमी होताना दिसली आहे. चौथ्या दिवशी आधी पहिल्या दिवसाचं पान वाचा, मग यातलं काय संपलं आहे आणि काय अजून हाताळायचं आहे ते लिहा.

फरक कसा दिसतो ते पाहा. पहिल्या दिवसाचं वाक्य बहुधा असं असतं: 'तिने माझ्याशी असं का केलं?' या 'का'ला तळ नसतो. तिसऱ्या दिवशी तेच असं येऊ शकतं: 'त्या वर्षी दोघंही रात्री नऊनंतर घरी यायचे. जेवताना पैशांचा विषय निघाला की तो उठून जायचा, आणि मग तिने तो विषय काढणंच सोडलं.' यात कुणाला माफी नाही, कुणाचा निवाडा नाही. पण काय झालं हे एकदा सलग मांडलं गेलं की तेच ते पुन्हा जुळवत बसण्याची गरज कमी होते.

चार दिवसांनी काहीच फरक नसेल तर आठ दिवस करू नका, वाट बदला. लिहिताना धडधड वाढली, आपण पुन्हा त्याच क्षणात अडकलो असं वाटलं, तर तिथेच थांबून साधा विषय घ्या. आणि आघात अगदी ताजा असेल, अपघात किंवा हिंसा होऊन काहीच दिवस झाले असतील, तर तेव्हा हा प्रयोग नकोच. घटनेनंतर लगेच सगळं खोदून बोलायला लावणाऱ्या एकाच बैठकीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करत नाही.

प्रश्न: मैत्रिणीजवळ तासन्‌तास मन मोकळं करते, पण फोन ठेवल्यावर राग दुप्पट झालेला असतो.

राग ओकून टाकला की संपतो ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणारे लोक नंतर जास्त चिडलेले निघाले. काही न करता नुसते बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा शांत होते.

फोनवरही तसंच होतं. तुम्ही सांगता, ती 'काय माणूस आहे!' म्हणते, तुम्ही आणखी एक प्रसंग काढता. प्रेम असतं, पण दोघी मिळून चूल पेटती ठेवता. सुरुवातीलाच तिला सांगा: 'दहा मिनिटं नुसतं ऐक, मग मी काय करू ते विचार.' दहा मिनिटांनंतरचा तो प्रश्न महत्त्वाचा. तोच प्रसंग तिसऱ्यांदा सांगत असाल तर फोन ठेवून चालायला जा.

प्रश्न: सख्ख्या भावाने व्यवहारात फसवलं. पाच वर्षं झाली. 'माफ कर, तुलाच शांती मिळेल' असं सगळे म्हणतात. मला ते खोटं वाटतं.

वाटणारच, कारण लोक एका शब्दात तीन गोष्टी मागत आहेत: सूड घ्यायचा नाही हे ठरवणं, मनातली कटुता कमी होणं आणि संबंध पुन्हा सुरू करणं. पहिली आज ठरवता येते. दुसरी ठरवून होत नाही. ती मागून येते, कधी वर्षानेही. तिसरीची सक्ती कुणीच करू शकत नाही, समोरच्याने चूक कबूल केली नसेल तर मुळीच नाही. माफ करूनही हिशेबाचे कागद वकिलाकडे ठेवता येतात. त्यात विसंगती नाही.

पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करा आणि ती कृतीत उतरवा: 'नातेवाइकांमध्ये हा विषय मी स्वतःहून काढणार नाही', 'त्याच्या घरची बातमी विचारणार नाही'. पत्र लिहायचं असेल तर लिहा, पण पाठवू नका. नुकसान नेमकं किती आणि कशाचं झालं ते त्यात असू द्या: रक्कम वेगळी, विश्वास वेगळा. पुष्कळदा रकमेचं दुःख केव्हाच संपलेलं असतं आणि 'त्याने एकदाही चूक मानली नाही' हेच सलत असतं. ते कळलं की कशाची वाट पाहणं थांबवायचं आहे तेही कळतं.

प्रश्न: माझ्याच हातून एका सहकाऱ्याचं नुकसान झालं. दोन वर्षं टोचतंय. आता माफी मागून उपयोग आहे का?

आहे, फक्त ती स्वतःची सुटका करून घेण्यासाठी मागितलेली नको. रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा घटक तपासले: खेद, स्पष्टीकरण, जबाबदारी मान्य करणं, पुन्हा न करण्याची ग्वाही, भरपाईची तयारी आणि क्षमेची याचना. सर्वांत वजन जबाबदारी मान्य करण्याला होतं, त्याखालोखाल भरपाईला. 'मला माफ कर' ही याचना शेवटच्या क्रमांकावर. ती मागितल्याने समोरच्यावर उलट एक काम येऊन पडतं.

तेव्हा तीन-चार वाक्यं पुरेत. काय केलं ते नेमकं सांगा, त्याचा त्यांना काय त्रास झाला ते माहीत आहे हे सांगा, आता काय भरून देऊ शकता ते सांगा. 'पण तेव्हा माझीही परिस्थिती…' हे वाक्य गाळा. 'उत्तर दिलं नाहीस तरी चालेल' असं म्हणा आणि खरोखरच उत्तराची वाट पाहू नका. त्या व्यक्तीने संपर्क नको असं कळवलेलं असेल तर तो मान ठेवा. भरपाई मग दुसऱ्या वाटेने, तेच नुकसान इतर कुणाचं होऊ नये यासाठी काहीतरी करून.

प्रश्न: दहा दिवस सुट्टी घेतली, परतल्यावर आठवड्यात पुन्हा तसाच थकवा. विश्रांती कशी घ्यायची?

सुट्टीचा परिणाम कामावर परतल्यावर लवकर ओसरतो. मनाची भरपाई मुख्यतः रोजच्या संध्याकाळी व्हावी लागते. सबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली तिचे चार भाग मांडले: कामापासून मनाने सुटणं, सैलावणं, नवं काही शिकण्यातली कमाई आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. बहुतेकांची गाडी दुसऱ्या भागातच, म्हणजे सैलावण्यातच, अडते. ते पडून फोन बघतात, त्यात कामाचे निरोपही येतात आणि पहिला भागही जातो.

दिवसाचं काम संपवण्याची १० मिनिटं ठेवा: उद्याचं पहिलं काम लिहायचं, संगणकावर उघडलेल्या खिडक्या बंद करायच्या, कामाचे निरोप सकाळपर्यंत बंद. मग आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रत्येकी ४० मिनिटं, असं काहीतरी करा ज्यात चुका होतात आणि हळूहळू कमी होतात. पेटी, पोहणं, नवी लिपी, सुतारकाम, काहीही. थकलेल्या माणसाला हे उफराटं वाटतं, पण ताजेपणा पडून राहण्यापेक्षा यातून अधिक येतो असा आमचा अनुभव आहे.

प्रश्न: आई जाऊन चार महिने झाले. 'आता सावर' असं ऐकून ऐकून कंटाळले. मी मागे पडले आहे का?

नाही. दुःख हे टाकून द्यायचं ओझं नव्हे, आणि चार महिने काहीच नाहीत. आजारांच्या जागतिक वर्गीकरणातही लांबलेल्या शोकाचा विचार किमान सहा महिन्यांनंतरच केला जातो, तोही रोजचं जगणं ठप्प झालं असेल तर. सध्या जेवण, झोप आणि रोज एका माणसाशी बोलणं एवढंच सांभाळा.

प्रश्न: घरच्या घरी करायच्या या उपायांची मर्यादा कुठे येते?

दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. थायरॉइड, रक्तक्षय यांसारखी शारीरिक कारणंही असतात, ती तपासावीच लागतात. रात्री दारू किंवा गोळीशिवाय झोप येत नसेल तरीही थांबू नका. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी स्पष्ट शब्दांत सांगा, एकटे राहू नका आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या.

प्रश्न: लिहिलेले कागद ठेवायचे की फाडायचे?

रागाचे कागद फाडा. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या २०२४ सालच्या प्रयोगात, अपमानास्पद शेरा मिळालेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या भावना कागदावर लिहिल्या. ज्यांनी कागद कचऱ्यात टाकला किंवा यंत्रात बारीक केला त्यांचा राग जवळजवळ पूर्वपदावर आला. कागद जवळ ठेवणाऱ्यांचा तेवढा उतरला नाही. मात्र चार दिवसांच्या लेखनातलं पहिलं पान चौथ्या दिवशी वाचायचं असतं, तोवर ते जपा. आणि ज्यात दुसऱ्याचं नाव आहे ते नुसतं चुरगाळून टोपलीत टाकू नका, अक्षर लागणार नाही इतकं बारीक करा.